सीपॅप यंत्राच्या हवेचा दाब : पडद्यावरचा आणि प्रत्यक्षातला

झोपेत श्वास अडण्याच्या विकारावर घरच्या घरी वापरायचे सीपॅप यंत्र शहरी मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेले नाही. रात्री मास्क लावायचा, बटण दाबायचे आणि झोपायचे, एवढीच त्याची कृती. यंत्राच्या पडद्यावर डॉक्टरांनी ठरवून दिलेला दाबाचा आकडा दिसतो आणि तेवढ्यावर बहुतेक रुग्णांचे समाधान होते. मात्र पडद्यावरचा आकडा आणि नाकापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंत अंतर पडले, तर यंत्र रात्रभर सुरू राहूनही उपचार मात्र अपुरा होतो.

हिंजवडीसारख्या वसाहतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीनही टप्प्यांत काम करणारे अनेक तरुण आपल्या गावापासून दूर, हिंजवडी, माण, मारुंजी किंवा वाकडच्या सदनिकांत एकटे अथवा सहकाऱ्यांसमवेत राहतात. यंत्राचा दाब कमी पडू लागल्याची पहिली खूण म्हणजे पुन्हा सुरू झालेले घोरणे. ते घरातल्या माणसाच्या चटकन लक्षात येते. पण एकट्याने राहणाऱ्याला ते सांगायला कोणी नसते. सकाळी जाणवणाऱ्या थकव्याचे खापर मग रात्रपाळीवर, परदेशी ग्राहकाच्या वेळेवर किंवा वाहतूक कोंडीवर फुटते. म्हणूनच दाब कसा तपासावा, तो कशाने घटतो आणि तपासणीनंतर काय करावे, याची माहिती यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक आहे.

दाबाचे काम कोणते?

झोप गाढ झाली, की घशाभोवतीचे स्नायू सैलावतात. काही व्यक्तींमध्ये जीभ व टाळूचा मऊ भाग मागे सरकून श्वासमार्ग अरुंद होतो किंवा पूर्ण मिटतो. श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास अडण्याच्या अथवा मंदावण्याच्या अशा घटना तासाला किती घडतात, यावरून विकाराची तीव्रता ठरते. प्रौढांमध्ये तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० पेक्षा अधिक म्हणजे तीव्र विकार, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

सीपॅप म्हणजे 'कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर'. श्वासमार्गात सतत थोडा अधिक दाब ठेवून तो मिटू न देणे हे या उपचाराचे तत्त्व आहे. हवेचा हा दाब घशाच्या मऊ भिंतींना आतून आधार देतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. नाकावर बसविलेल्या मास्कमधून साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका दाब दिल्यावर श्वास अडणे थांबल्याचे त्यांना आढळले. आजच्या सर्व यंत्रांचा पाया हाच आहे.

हा विकार पाश्चात्त्यांपुरता मर्यादित आहे, असा समज बराच काळ होता. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयोगटातील शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा झोप येण्याची लक्षणेही असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के असल्याचा अंदाज त्यात मांडण्यात आला. महाराष्ट्रातील शहरी लोकसंख्येवर आधारलेली ही आकडेवारी या विकाराकडे दुर्लक्ष करता येणार नाही, हे दाखविण्यास पुरेशी आहे.

सेंटिमीटर पाणी म्हणजे काय?

सीपॅपचा दाब 'सेंटिमीटर पाणी' या एककात सांगितला जातो. दहा सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळावर जेवढा भार देतो, तेवढा दाब म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात वापरल्या जाणाऱ्या 'बबल सीपॅप'मध्ये हे तत्त्व डोळ्यांना दिसते. तेथे श्वासाच्या नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडविलेले असते. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल, तर बाळाला साधारण पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब मिळतो.

प्रौढांसाठीची घरगुती यंत्रे सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर पाणी या मर्यादेत दाब देतात. वातावरणाचा समुद्रसपाटीवरील दाब याच एककात सुमारे १,०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे दहाचा दाब हा वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का होय. काही यंत्रांच्या पडद्यावर हेक्टोपास्कल हे एकक असते. हवामान खाते वातावरणाचा दाब ज्यात सांगते, तेच हे एकक. एक हेक्टोपास्कल म्हणजे १.०२ सेंटिमीटर पाणी. व्यवहारात हे दोन आकडे जवळपास सारखेच धरता येतात.

दाब इतका सूक्ष्म असल्याने तो मोजायला घरातील इतर साधने उपयोगी पडत नाहीत. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे केवळ ७.४ मिलिमीटर. रक्तदाबाच्या यंत्रावरील रेषा दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने असतात. तेथे एका रेषेची चूक म्हणजे सीपॅपच्या दाबात पावणेतीन सेंटिमीटरची चूक. गाडीच्या टायरची हवा पाहण्याचा गेज तर पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे अवघे ०.१४ पीएसआय.

डॉक्टर आकडा कसा ठरवतात?

योग्य दाब वजन किंवा वयावरून अंदाजाने ठरविला जात नाही. निद्राचाचणी कक्षात रुग्ण झोपलेला असताना दाब चारपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवितात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, श्वास अडत राहिल्यास किमान पाच मिनिटांच्या अंतराने दाब किमान एक सेंटिमीटरने वाढवावा आणि प्रौढांत तो वीसच्या पुढे नेऊ नये. ज्या पातळीवर श्वास अडणे, घोरणे आणि प्राणवायूची घट थांबते, ती त्या रुग्णाची पातळी. अनेक रुग्णांना ठरावीक दाबाऐवजी किमान व कमाल मर्यादा ठरवून देऊन, गरजेनुसार दाब स्वतः बदलणारे 'ऑटो' यंत्र दिले जाते.

एका सेंटिमीटरच्या फरकाने दाबाची पायरी बदलते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. ज्याला दहाची गरज आहे, त्याला आठ मिळत असेल, तर तो 'थोडासा कमी' दाब नव्हे. त्या पातळीवर त्याचा श्वासमार्ग पुन्हा मिटू शकतो.

पडद्यावरचा आकडा काय सांगतो?

पडद्यावर दोन प्रकारचे आकडे असू शकतात. एक म्हणजे ठरवून दिलेला दाब, अर्थात यंत्राला दिलेली आज्ञा. दुसरा म्हणजे यंत्राच्या आतील संवेदकाने मोजलेला दाब. बहुतेक यंत्रांत हा संवेदक यंत्राच्या पेटीत असतो, मास्कमध्ये नसतो. पेटीपासून नाकापर्यंत सुमारे दीड-दोन मीटर लांबीची नळी असते. नळीतून जाताना हवेचा थोडा दाब खर्च होतो. तो किती होईल याचा हिशेब यंत्र करते आणि तेवढी भर आधीच घालते.

हा हिशेब नळीच्या व्यासावर अवलंबून असतो. नेहमीची नळी व १५ मिलिमीटरची बारीक नळी यांतील फरक यंत्राला सेटिंगमधून सांगावा लागतो. नळी बदलली आणि सेटिंग तसेच राहिले, तर मास्कमधील दाब चुकतो. यंत्राच्या तोंडाशी जंतुरोधक फिल्टर बसविला असल्यास तेही यंत्राला कळवावे लागते. बाजारातून दुसरी नळी आणणाऱ्यांच्या ही बाब सहसा ध्यानात येत नाही.

दाब कमी पडण्याची नेहमीची कारणे

यंत्रातच बिघाड असेल, असे समजण्यापूर्वी पुढील कारणे पाहावीत.

मास्कमधील गळती : हे सर्वांत नेहमीचे कारण. मास्कवरील बारीक छिद्रांतून हवा बाहेर पडते ती मुद्दाम ठेवलेली वाट असते, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणे आवश्यक असते. ती छिद्रे कधीही बंद करू नयेत. मात्र मास्कच्या कडेने, नाकाच्या उंचवट्याजवळून किंवा उघड्या तोंडातून हवा जात असेल, तर ती गळती होय. एका प्रचलित बनावटीच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपेक्षा अधिक अनावश्यक गळती ही जास्त समजली जाते. सिलिकॉनची उशी कडक झाली, पट्टे सैल पडले किंवा दाढी वाढली, की गळती वाढते.

नळीला भेग : नळी वाकते तेथे, विशेषतः जोडाजवळ, बारीक भेग पडते. यंत्र सुरू करून नळीवरून ओला हात फिरविल्यास हवेची झुळूक लगेच जाणवते.

कोंडलेला फिल्टर : बांधकामे व रस्त्यांच्या कामांमुळे हिंजवडी परिसरात धूळ भरपूर असते. फिल्टर धुळीने भरला, की पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते व आवाज वाढतो. काही मर्यादेपर्यंत यंत्र ही उणीव भरून काढते, त्यापुढे दाब घटतो. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीची वाट न पाहता फिल्टर राखाडी दिसू लागताच बदलणे हितावह ठरते.

नळीत साचलेले पाणी : आर्द्रता देणारे भांडे जोडलेले असल्यास थंडीत नळीत पाण्याचे थेंब साचतात. त्यामुळे गुडगुड आवाज येतो व दाब वरखाली होतो.

'रॅम्प' आणि उच्छ्वासातील सवलत : झोप लागेपर्यंत त्रास होऊ नये म्हणून यंत्र कमी दाबाने सुरू होऊन काही मिनिटांत ठरलेल्या दाबापर्यंत चढते. याला रॅम्प म्हणतात. त्याचप्रमाणे श्वास सोडताना दाब एक ते तीन सेंटिमीटरने कमी करण्याची सोयही अनेक यंत्रांत असते. हे दोन्ही बिघाड नाहीत. पण त्यांची कल्पना नसेल, तर तपासणीत दाब कमी असल्याचा गैरसमज होतो.

पुण्याची उंची आणि जुने यंत्र

सीपॅपचा दाब हा सभोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजला जातो. त्यामुळे मुंबईत ठरविलेला दहाचा दाब पुण्यातही दहाच राहतो. डॉक्टरांना तो बदलावा लागत नाही. प्रश्न येतो तो यंत्राच्या क्षमतेचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे वातावरणाचा दाब मुंबईच्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो आणि हवा तेवढी विरळ असते. पंखा त्याच वेगाने फिरला, तरी विरळ हवेत त्याच प्रमाणात कमी दाब निर्माण होतो.

आजची यंत्रे संवेदकाच्या साह्याने पंख्याचा वेग आपोआप वाढवतात. मात्र काही जुन्या यंत्रांत उंचीचे सेटिंग हाताने करावे लागत असे. असे यंत्र मुंबईतील नातेवाइकांकडून आणून पुण्यात तसेच वापरल्यास दहाच्या ठिकाणी सुमारे ९.४ मिळेल. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तेथे हाच आकडा साडेआठवर येईल. आधुनिक यंत्रांनाही मर्यादा असतेच. अनेक बनावटींच्या पुस्तिकांत ती सुमारे अडीच हजार मीटर दिलेली असते. साडेतीन हजार मीटरवरील लेहच्या सहलीला यंत्र नेणाऱ्यांनी पुस्तिकेतील ही ओळ आधी वाचावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाण्याच्या नळीने तपासणी

दाब मोजण्याचे सर्वांत साधे आणि विश्वासार्ह साधन म्हणजे इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची पाण्याची नळी, म्हणजेच जलदाबमापी. त्यात बॅटरी नाही, बिघडणारा भाग नाही. सेंटिमीटर पाणी हे एककच पाण्याच्या उंचीवरून घेतलेले असल्याने येथे फूटपट्टी हेच माप ठरते. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक लेव्हलची नळी वापरतात, ती हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि या कामासाठी पुरेशी असते.

ही तपासणी जागेपणी, दिवसा व शक्यतो दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने करावी. बायपॅप वापरणाऱ्या, यंत्रातून प्राणवायू घेणाऱ्या किंवा फुप्फुसाचा वा हृदयाचा गंभीर आजार असलेल्या रुग्णांनी ती घरी न करता रुग्णालयातच करून घ्यावी.

१. सुमारे दोन मीटर नवी, स्वच्छ नळी घ्यावी. तिचा एक भाग फळीवर 'यू' आकारात असा बसवावा, की दोन्ही उभ्या बाजू प्रत्येकी निदान ५० सेंटिमीटर उंच असतील. मध्ये सेंटिमीटरची पट्टी लावावी.

२. दोन्ही बाजूंना साधारण २० सेंटिमीटरपर्यंत पाणी येईल इतके ते भरावे. खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकल्यास पातळी स्पष्ट दिसते. नळीत हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. यंत्राला जोडण्यापूर्वी दोन्ही पातळ्या अगदी समान असल्या पाहिजेत.

३. नळीचे एक टोक उघडे ठेवावे. दुसरे टोक मास्कवरील टोपण लावलेल्या छोट्या छिद्राला जोडावे. अनेक मास्कवर असे छिद्र असते. ते नसल्यास मास्क व मोठी नळी यांच्यामध्ये बसणारा, बाजूला छिद्र असलेला जोड यंत्र-विक्रेत्याकडे मिळतो. मोठ्या नळीला स्वतः भोक पाडू नये.

४. फळी मास्कच्या व यंत्राच्या पातळीपेक्षा खाली, उभी ठेवावी. पाणी यंत्रात जाता कामा नये.

५. मास्क नेहमीसारखा लावून यंत्र सुरू करावे आणि रॅम्पचा काळ संपू द्यावा. नंतर तोंड मिटून स्थिर बसावे. श्वासोच्छ्वासासोबत पाणी किंचित हलेल. सहज श्वास सोडून चार-पाच सेकंद थांबावे आणि पाणी स्थिर झाले, की मदतनिसाने दोन्ही बाजूंची पातळी वाचावी. असे तीन वेळा करून मधला आकडा घ्यावा.

६. दोन पातळ्यांतील फरक म्हणजे मास्कमधील दाब. उदाहरणार्थ, एका बाजूला पाणी १५.२ वर आणि दुसऱ्या बाजूला २४.८ वर असेल, तर दाब ९.६ सेंटिमीटर होय. एकाच बाजूचे पाणी किती चढले एवढेच पाहिल्यास ४.८ हा निम्मा आकडा हाती येतो आणि विनाकारण घबराट होते.

मास्क चेहऱ्यावर न लावता तो नुसता हवेत ठेवून दाब मोजू नये. मोठी गळती झाल्याचे समजून अनेक यंत्रे आपोआप बंद होतात. त्याचप्रमाणे नळीचे तोंड पूर्ण बंद करून घेतलेला आकडाही खरा नसतो. तंत्रज्ञ या कामासाठी ठरावीक आकाराचे भोक असलेली टोपी व अंशशोधन केलेला डिजिटल मापक वापरतात.

आकड्याचा अर्थ कसा लावावा?

कोणतेही यंत्र अगदी तंतोतंत दाब देत नाही. अनेक घरगुती यंत्रांच्या पुस्तिकेत अचूकतेची मर्यादा 'अर्धा सेंटिमीटर अधिक चार टक्के' अशा स्वरूपात दिलेली आढळते. दहाच्या दाबासाठी ही मर्यादा ०.९ सेंटिमीटर होते. म्हणजे ९.१ ते १०.९ यांमधील कोणताही आकडा यंत्र ठीक असल्याचे दर्शवितो. आपल्या यंत्राची मर्यादा त्याच्याच पुस्तिकेत पाहावी. घरगुती नळीच्या वाचनात दोन-तीन मिलिमीटरची चूक होणे स्वाभाविक आहे, हेही गृहीत धरावे.

आकडा या मर्यादेबाहेर गेला, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजावे. प्रथम मास्क नीट बसवावा. मग नळी तपासावी, त्यानंतर फिल्टर बदलावा. उच्छ्वासातील सवलत सुरू असेल, तर श्वास सोडल्यानंतरचे वाचन कमी येऊ शकते. अशा वेळी श्वास घेऊन थांबल्यावर पुन्हा वाचावे. एवढे करूनही दोन सेंटिमीटरची तफावत कायम राहिली, तर यंत्र दुरुस्ती केंद्राकडे दाखविणेच योग्य.

ऑटो यंत्राच्या बाबतीत मात्र घरच्या वाचनातून फारसा अर्थ निघत नाही. जागेपणी असे यंत्र बहुधा किमान दाबावरच असते. वाचन डॉक्टरांनी दिलेल्या किमान व कमाल मर्यादेत आहे, एवढेच त्यातून कळते. नेमकी तपासणी तंत्रज्ञाकडून यंत्र ठरावीक दाबावर ठेवून करावी लागते.

आणखी एक बाब महत्त्वाची. दाब बरोबर आहे याचा अर्थ उपचार पुरेसा आहे, असा होत नाही. वजनात मोठी वाढ झाली, नाक सतत चोंदू लागले किंवा नवी औषधे सुरू झाली, तर पूर्वी पुरेसा असलेला दाब कमी पडू शकतो. यंत्र रोज सकाळी तासागणिक उरलेल्या श्वसनरोधांची सरासरी दाखविते. ती पाचच्या खाली राहणे अपेक्षित असते. हा आकडा, गळतीचा आकडा आणि वापराचे तास यांची आठवड्यातून एकदा वहीत नोंद केल्यास दाबाची बहुतेक गडबड मोजमापाआधीच लक्षात येते.

जुनी आणि भाड्याची यंत्रे

कोविडच्या २०२०-२१ मधील साथीत सीपॅप व बायपॅप ही नावे घरोघरी पोहोचली. त्या काळात हिंजवडीतील विप्रो कंपनीच्या आवाराचे ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयात रूपांतर करण्यात आले होते. अनेक कुटुंबांनी घरीही अशी यंत्रे विकत किंवा भाड्याने घेतली. जुन्या यंत्रांच्या खरेदी-विक्रीत स्वस्ताईचा मोह असतो, पण दाबाच्या तपासणीची गरज तेथेच सर्वाधिक असते.

असे यंत्र घेताना प्रथम एकूण किती तास चालले आहे ते पडद्यावर पाहावे. काही यंत्रे सुमारे २०,००० तासांनंतर पंख्याचे आयुष्य संपल्याची सूचना देतात. रोज आठ तासांच्या हिशेबाने हा काळ पावणेसात वर्षांचा होतो. दुसरे म्हणजे, आधीच्या वापरकर्त्याचे सेटिंग पुसून आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे ते नव्याने भरून घ्यावे. दुसऱ्याच्या दाबावर एक रात्रही झोपू नये. तिसरे, फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली अनेक जुनी सीपॅप व बायपॅप यंत्रे जगभरातून परत मागविली होती. आवाज कमी करण्यासाठी आत बसविलेल्या पॉलियुरेथेन फोमचे कण सुटून ते श्वासावाटे शरीरात जाण्याचा धोका आढळला होता. ओझोनने यंत्र स्वच्छ केल्याने हा धोका वाढतो, असाही इशारा तेव्हा देण्यात आला होता. त्यापूर्वीच्या बनावटीचे यंत्र कोणी देऊ करत असेल, तर त्याचा अनुक्रमांक कंपनीकडून पडताळल्याशिवाय ते वापरू नये. त्याचा दाब बरोबर भरला, तरी हा दोष दूर होत नाही.

केंद्र सरकारच्या ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे अनुक्रमांक, उत्पादक वा आयातदाराचे नाव असलेली पावती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. दुरुस्तीनंतर दाबाच्या तपासणीचा लेखी अहवाल घ्यावा. तपासणीसाठी वापरलेल्या मापकाचे अंशशोधन 'एनएबीएल'ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत केव्हा झाले, हेही विचारावे.

वीज गेल्यास

हवेचा दाब विजेवर अवलंबून असतो. जुलै २०२५ मध्ये अतिउच्चदाब भूमिगत वाहिन्यांतील बिघाडामुळे हिंजवडी परिसराचा वीजपुरवठा दीर्घकाळ विस्कळित झाला होता. अशा प्रसंगी सीपॅप थांबते. यंत्र बंद पडल्यास मास्क काढून ठेवावा, कारण मास्कमध्ये ताजी हवा खेळती राहत नाही. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये सुरक्षेची झडप असते, ती चिकटलेली नाही ना हे धुताना पाहावे. बहुतेक यंत्रांचे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालत असल्याने थोड्याफार कमी-अधिक व्होल्टेजचा दाबावर परिणाम होत नाही. इन्व्हर्टरवर यंत्र चालविताना वीज जाताना-येताना ते पुन्हा आपोआप सुरू होते का, हे दिवसा एकदा पाहून ठेवावे.

दाब स्वतः बदलू नये

यंत्राची गुप्त सेटिंग उघडण्याची युक्ती मित्राकडून समजली, की दाब स्वतःच वाढविण्याचा मोह होतो. तो टाळावा. दाब विनाकारण वाढविल्यास गळती वाढते, पोटात हवा जाते, झोपमोड होते आणि काही रुग्णांमध्ये मेंदूकडून श्वासाची आज्ञाच काही काळ थांबण्याचा वेगळा दोष उद्भवतो. तपासणी घरी करावी, निर्णय मात्र डॉक्टरांवर सोपवावा.

पुढील लक्षणे दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे : यंत्र वापरूनही सकाळी डोके दुखणे, रात्री गुदमरून जाग येणे, बैठकीत अथवा वाहन चालविताना डुलकी लागणे, घोरणे पुन्हा सुरू होणे, उरलेल्या श्वसनरोधांचा आकडा सलग काही दिवस पाचच्या वर राहणे. वाहन चालविताना डुलकी येत असेल, तर कारण सापडेपर्यंत स्वतः वाहन चालवू नये. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर एका क्षणाची झोपही प्राणावर बेतू शकते.

डॉक्टरांकडे जाताना यंत्र, मास्क, नळी आणि विजेचा अडॅप्टर असा संपूर्ण संच सोबत न्यावा. केवळ यंत्र नेल्यास ते तपासणीत उत्तम ठरते आणि दोष मात्र घरी राहिलेल्या मास्कमध्ये असतो. सोबत घरच्या वाचनाची तारीखवार नोंद असल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते. वर्षातून एकदा, तसेच मास्क, नळी किंवा राहण्याचे ठिकाण बदलल्यानंतर दाब तपासून घेण्याची सवय ठेवावी. यंत्राचा खर्च एकदाच होतो. त्याचा लाभ मात्र ठरलेला दाब रोज रात्री नाकापर्यंत पोहोचला तरच मिळतो.